ठमाबाईचा कोरडा हात

बाप्तिस्मा देताना माणसाला नखशिखांत बुडवायचं, नुसतं पाणी शिंपडून भागवायचं नाही, हा आमच्या बॅप्टिस्ट मंडळींचा हट्ट. तेवढ्यावरून आमचे पूर्वज इतर ख्रिस्ती लोकांशी भांडून वेगळे झाले. भांडले ते भांडले, पण मग चर्च बांधायला त्यांना इंदापूर तालुकाच सापडावा? जिथं प्यायला पाणी नाही तिथं बुडायला कुठून आणायचं, हा प्रश्न कुणालाच पडला नाही. मी लग्न होऊन इथं पाळकीण म्हणून आले, तेव्हा मला तो पहिल्याच आठवड्यात पडला.

पाळकीण म्हणजे पाळकाची बायको. पगार पाळकाला आणि कामं दोघांना. पेटी मी वाजवते, पाहुण्यांचा स्वयंपाक मी करते, आणि चर्चचा इतिहास विचारायला कुणी आलं की आमचे हे दोनदा खोकतात आणि माझ्याकडे बोट दाखवतात. म्हणून आता मीच सांगते.

निमगाव केतकीच्या अलीकडे, बारामतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं चर्च आहे. ते बांधणारा गोरा साहेब पहिल्यांदा आला तेव्हा म्हणे ओढा दुथडी भरून वाहत होता. साहेबानं काठावर गुडघे टेकले, देवाचे आभार मानले आणि तिथंच जागा घेतली. त्यानंतर ओढ्याला तसं पाणी आलं ते साहेब विलायतेला परत गेल्यावर. जाण्याआधी त्यानं चर्चच्या मागं बाप्तिस्म्यासाठी दगडी हौद बांधला, छातीइतका खोल, उतरायला पायऱ्या. इतका देखणा हौद आसपासच्या गावांत नाही. वर्षातले दहा महिने त्यात आमच्या कोंबड्या बसतात.

कालव्याला पाणी सुटलं की बाप्तिस्मे, नाहीतर थांबा. कुणाचं मन देवाकडे वळलं तरी कालव्याची पाळी यायची वाट बघावी लागे. तोवर काहींचं मन पुन्हा फिरे, त्याला आमचा इलाज नव्हता.

बहात्तरच्या दुष्काळात तर कालवाही आटला. त्या साली ठमाबाईचा बाप्तिस्मा ठरला होता. ती शिमोनची बायको, तेव्हा चाळिशीला टेकलेली. दोघं नवरा-बायको दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. हौद कोरडा ठणठणीत. शिमोननं बैलगाडीतून पिंपं भरून कुठून तरी पाणी आणलं, तरी ते गुडघ्याच्या वर येईना. आमचे हे तेव्हा नवेकोरे पाळक. त्यांनी विचार केला आणि ठमाबाईला उभी बुडवता येत नाही तर आडवी बुडवायचं ठरवलं. पण आदल्याच दिवशी खडी फोडताना तिच्या उजव्या हातावर हातोडा बसला होता. बोटं चेचलेली, मनगटापर्यंत पट्टी. कामावरच्या डॉक्टरनं बजावलं होतं की पट्टी भिजली तर हात जाईल. ह्यांनी तिला सांगितलं, "हात वर ठेवा बाई. देवाला कळतं." मी काठावर पेटी घेऊन बसले होते. ठमाबाई पाण्यात सपाट झाली, नाक-तोंड-पाय सगळं खाली गेलं आणि पांढऱ्या पट्टीतला तो एक हात तेवढा वर उभा राहिला.

हात वाचला, बोटं वाकडी राहिली. पुढं दर नाताळाला जेवणं झाली की ठमाबाई ही गोष्ट सांगायची आणि आम्ही दर वर्षी नव्यानं हसायचो. शिमोन गेला तो नव्वद साली. चर्चच्या मागच्या कबरस्थानात त्याला ठेवला, आणि शेजारची जागा ठमाबाईनं विटा लावून आखून घेतली. जागा लहान, म्हणून साहेबाचा जुना नियम होता की कबर फक्त सभासदाला. सभासद म्हणजे ज्याचा बाप्तिस्मा झालाय तो. ठमाबाईला मूलबाळ नाही. ती रोज चर्च झाडायची, मग त्या विटांच्या आतला पाला वेचायची, आणि दर नाताळाला विटांना चुना लावायची. स्वतःच्या घराला लावला नाही कधी.

आता सत्त्याण्णव सालाकडे येते. आमच्यावर कुणी बिशप नाही, वरून हुकूम येत नाही. सभासदांनी हात वर करायचे आणि आपला अध्यक्ष निवडायचा, हीच आमची पद्धत. इतकी वर्षं उपासना संपली की हे विचारायचे, "दावीदतात्याच राहू द्यायचे ना?" सगळे हात वर करायचे आणि चहाला जायचे. त्या वर्षी मात्र आमच्याच मंडळीतल्या सारजाचा मुलगा रत्नाकर उभा राहिला. वय पंचवीसच्या आत, ऊस चांगला, मोटरसायकल नवी. शिवाय त्यानं नुकतीच साखर कारखान्याची निवडणूक जवळून बघितली होती. दावीदतात्याही जुने ऊसवाले, कारखान्याचे सभासद. दोघांनाही निवडणूक म्हटल्यावर तेवढा एकच प्रकार ठाऊक.

झालं, दोन पॅनेल पडली. तात्यांचं 'जुनी वाट' पॅनेल, चिन्ह विमान. रत्नाकरचं 'नवी पहाट' पॅनेल, चिन्ह कपबशी. मतदान हात वर करून आहे, चिन्हाचं काय करणार, असं मी विचारलं. दोघंही माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत राहिले. मतदार सगळे मिळून नऊ. बाकीची मंडळी पुण्या-पिंपरीला, ती नाताळाला येतात, केक खातात आणि जातात. नऊ माणसांसाठी पत्रकं छापली, जीपला भोंगा बांधला. भोंग्यावरून प्रत्येक मतदाराला नावानं हाक मारली तरी प्रचार चहा उकळायच्या आत संपायचा, म्हणून मग तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. चार मतं तात्यांकडे, चार रत्नाकरकडे. पाळकाच्या घरानं मत द्यायचं नाही असा रिवाज. उरली ठमाबाई.

मतदार फुटू नयेत म्हणून त्यांना सहलीला न्यायचं, हे तर आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. तात्यांनी आपली चार मतं आणि ठमाबाई जीपमध्ये घातली. पण जीपवाल्याला कारखान्याच्या निवडणुकीची देवदर्शनाची वाट तेवढी पाठ. त्यानं गाडी थेट मोरगावला नेली. आमच्या मंडळींनी तिथं गाडीत बसून भजी खाल्ली, आणि ठमाबाईनं गणपतीला रस्त्यावरूनच विचारलं म्हणे, की बाबा, तुझ्याकडं पाण्याची सोय कशी हाय? परत आल्याबरोबर रत्नाकरनं तिला उचललं आणि आपल्या चार मतांबरोबर बारामतीच्या लॉजवर ठेवलं. तिथं तिला नुसतं बसवेना. तिनं लॉजमधल्या सगळ्या चादरी धुऊन गच्चीवर वाळत घातल्या. मालकानं तिला नोकरी देऊ केली.

इतकं करूनही ठमाबाई कुणाला मत देणार ते सांगेना. माझ्यासमोर म्हणाली की तात्या चांगलाय आणि पोरगंही चांगलंय, मग भांडताय कशाला? असं बोलणारा मतदार दोन्ही पॅनेलांना धोक्याचा. रत्नाकरला कुणी तरी कानमंत्र दिला की म्हातारी शेवटी म्हाताऱ्यालाच मत देणार. तेव्हा त्यानं कारखान्यात शिकलेला डाव टाकला. मतदारावर हरकत घेतली.

हरकत ऐकायला निवडणूक अधिकारी हवा. सर्वानुमते कन्हेरीच्या दादासाहेबांना बोलावलं. दादासाहेब हिंदू, माळकरी, सोसायटीचे निवृत्त सचिव. आयुष्यात त्यांनी इतक्या निवडणुका घेतल्या होत्या की घरात भाजी कोणती करायची हेही म्हणे मोजूनच ठरे. ते टोपी सारखी करून चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसले आणि म्हणाले, मांडा हरकत.

रत्नाकरनं मांडली. ठमाबाईच्या बाप्तिस्म्याबद्दल आपली तक्रार नाही. पण तो उजव्या हाताखेरीज झालेला आहे. मत तर हात वर करून द्यायचं. म्हणजे जो अवयव मत देणार, तो अवयव या मंडळीचा सभासदच नाही. पुरावा काय, तर ठमाबाई स्वतः गेली पंचवीस वर्षं दर नाताळाला हेच सांगत आलीय.

मला वाटलं दादासाहेब हसतील. ते हसले नाहीत. त्यांनी डोळे मिटले आणि बराच वेळ मिटून ठेवले.

"हरकतीत दम हाय," ते म्हणाले.

तात्यांनी सुचवलं की मग तिनं डावा हात वर करावा, तो भिजलेला आहे. दादासाहेबांनी मान हलवली. डाव्या हातानं आपण प्रसाद घेत नाही, मत कसं घेणार? तात्यांनाही ते पटलं. मी पेटीमागून म्हणाले की हा शुद्ध मूर्खपणा आहे. पाळकाच्या घरानं बोलायचं नाही असंही एक ठरलेलं होतं, त्याची मला आठवण करून देण्यात आली.

तेवढ्यात मागच्या बाकावरून कुणी तरी विचारलं की हात सभासद नसेल तर उद्या म्हातारीला पुरायचं कसं? रत्नाकरच्या पॅनेलचा एक जण म्हणाला, "बाई आत, हात कुंपणाभायेर." चर्च खो खो हसलं. तात्यांचे लोकही हसले. ठमाबाईही एरवी या गोष्टीला सगळ्यांत मोठ्यानं हसायची. त्या दिवशी ती हसली नाही. पदर हातावर ओढून घेऊन बसून राहिली.

संध्याकाळी ती माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन बसली. चहा दिला तो तसाच निवला.

"पाळकीणबाय," ती म्हणाली, "मला मत नको. दोगांनी घ्यावं माझं मत आर्दंआर्दं. पण शिमोनच्या शेजारची जागा तेवडी जाऊ देऊ नका. हात तोडून का पुरत्यात कुणाला?"

मी तिला म्हटलं, असं काही होणार नाही, ती पोरं गंमत करतायत. पण माझाच मला भरवसा नव्हता. निवडणुकीत बोललेलं आमच्याकडे कागदावर यायला वेळ लागत नाही. मला फार राग आला होता, रत्नाकरचा आला, तात्यांचा आला, आणि बहात्तर साली पट्टी बांधलेला हात वर ठेवायला सांगणाऱ्या आमच्या ह्यांचाही आला.

दुसऱ्या दिवशी दादासाहेबांनी निकाल दिला. हात भिजवून घ्या, मग मत धरतो. आमचे हे म्हणाले, दोनदा बाप्तिस्मा होत नाही. तात्यांनी विचारलं, बादलीत हात बुडवला तर? तेही नाही, नुसत्या हाताचा बाप्तिस्मा कुठं लिहिलेला नाही. दादासाहेबांनी पुन्हा डोळे मिटले. मग म्हणाले, पाळकसाहेब, रस्त्याचं काम दुष्काळात अर्धवट राहिलं आणि पुढं पुरं केलं, तर त्याला कुणी नवा रस्ता म्हणत नाही. हे पहिलंच काम आहे, थोडं शिल्लक राहिलेलं. आमचे हे रात्रभर कूस बदलत राहिले आणि सकाळी मला म्हणाले, त्या माणसाला देवविद्या शिकवायला हवी होती. त्यांनी होकार दिला.

मे महिना, कालव्याला पाणी नाही. दोन्ही पॅनेलांनी मिळून म्हस्कूचा ट्रॅक्टर-टँकर सांगितला. हे त्यांचं त्या महिन्यातलं पहिलं एकत्र काम. रविवारी उपासनेनंतर म्हस्कूनं हौदात पाइप सोडला, कोंबड्या ओरडत बाहेर पडल्या, आणि पाण्याचा आवाज वस्तीवर गेला. वस्तीला त्या आठवड्यात टँकर आलेला नव्हता. बायका हंडे-कळशा घेऊन धावत आल्या आणि सरळ हौदात उतरल्या. तात्या त्यांना अडवायला पुढं झाले. मी तात्यांना अडवलं. म्हटलं, चुलीवर आधण नसलेल्या बाईला बाप्तिस्म्याचं काय सांगणार तुम्ही? सगळ्यांचे हंडे भरून झाले तेव्हा हौदात पाणी गुडघाभर उरलं. आमच्या ह्यांनी ते बघितलं आणि आम्हा दोघांनाही एकदमच बहात्तर साल आठवलं.

ठमाबाई पांढरं लुगडं नेसून पायऱ्यांपाशी आली. शेवाळानं पायऱ्या निसरड्या. तिनं इकडं तिकडं बघितलं आणि सगळ्यांत जवळ उभ्या असलेल्या रत्नाकरला म्हणाली, "धर रं हात. पडंन मी." रत्नाकरनं तिचा उजवा हात धरला. इतकी वर्षं त्या हातावर हसला होता, पण धरला नव्हता कधी. बोटं हाताला लागल्यावर तो जरा दचकला. वाकलेली बोटं त्याच्या मुठीत नीट बसेनात.

"दुकतंय का अजून?" त्यानं विचारलं.

"थंडीत दुकतंय," ठमाबाई पायरी चाचपत म्हणाली. "तुज्या आयच्या वाटणीची खडी व्हती ती. तू पोटात, नववा महिना. मुकादम म्हनायचा, ढीग न्हाय तर हजेरी न्हाय, आन हजेरी न्हाय तर खायला सुकडी न्हाय. मग मीच दोगींचं ढीग घालायची. आंधार पडला, आन हातोडा दिसंना." हे ती तक्रार म्हणून सांगत नव्हती. तिचं सगळं लक्ष पायरीकडे होतं.

रत्नाकरनं वळून आईकडे बघितलं. सारजा त्याच्याच पॅनेलमध्ये, कपबशीचा बिल्ला लावून उभी होती.

"आये, खरं हाय?"

"व्हय."

"मग बोलली का न्हाईस?"

"तू इचारलंस कुटं? तू भोंग्यावर बोलत व्हतास."

रत्नाकर हौदातच उभा राहिला, चांगली पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. मग दादासाहेबांना म्हणाला की आपण हरकत मागं घेतो. दादासाहेबांना त्याचं वाईट वाटलेलं दिसलं, पण त्यांनी नकार दिला. सुनावणी झाली, निकाल झाला, टँकर रिकामा झाला, आता हरकत मागं घेता येत नाही. रत्नाकरनं हात जोडले. दादासाहेब म्हणाले, कायद्यापुढं हात जोडून उपयोग नसतो, पुढचं काम चालू करा.

आमच्या ह्यांनी ठमाबाईच्या पाठीखाली हात घातला. आता ते पन्नाशीपुढचे, ती म्हातारी, पाणी गुडघाभर. त्यांनी तिला हळूच आडवी केली. मी पेटीचा भाता धरला होता, तो हलवायचं विसरले. ठमाबाईचं डोकं खाली गेलं, चेहरा गेला, छाती, पाय सगळं गेलं. आणि उजवा हात वर आला.

तिनं मुद्दाम केलं नाही, हे मी शपथेवर सांगते. पाण्यात आडवं व्हायचं म्हणजे तो हात वर ठेवायचा, एवढंच तिच्या अंगाला माहीत होतं. पट्टी नव्हती, पाच वाकडी बोटं नुसती आकाशाकडे. सगळ्यांनी बघितलं. ज्याच्यासाठी टँकर आणला तो हात तेवढा कोरडा. बाहेरच्या बायका कळशा घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

दादासाहेब पुढं झाले. त्यांनी त्या हाताकडे बघितलं. आयुष्यभर वर आलेले हात मोजणारा माणूस, त्याला दुसरं काय दिसणार?

"एक हात वर," ते म्हणाले. "मत धरलं."

तात्या आणि रत्नाकरनं एकमेकांकडे बघितलं. शेवटी म्हस्कूनं ट्रॅक्टरवरून विचारलं की पण मत पडलं कुणाला? तोवर ठमाबाई उठून बसली होती, केस तोंडावर, नाकातोंडात पाणी. दादासाहेबांनी वाकून तिला तेच विचारलं, बाई, तुमचं मत कशाला होतं?

ठमाबाईनं खोकून घसा मोकळा केला. "जागंला," ती म्हणाली. "शिमोनच्या शेजारच्या."

दादासाहेब ताठ उभे राहिले, टोपी सारखी केली आणि खणखणीत आवाजात ठराव मांडला. ठमाबाई शिमोन यांना त्यांच्या नवऱ्याशेजारची जागा, सगळ्या अवयवांसह, देण्यात यावी. ठरावाच्या बाजूनं असतील त्यांनी हात वर करावेत. रत्नाकरचा हात पहिला गेला. सारजाचा गेला, तात्यांचा गेला, 'हात कुंपणाभायेर' म्हणणाऱ्याचा गेला. मी पाळकाचं घर विसरून दोन्ही हात वर केले. वस्तीवरच्या बायकांनीही केले. दादासाहेबांनी बाहेरच्यांनी हात खाली घ्यावेत असं तीनदा सांगितलं, मग नाद सोडला. "सर्वानुमते," ते म्हणाले आणि रुमालानं चष्मा पुसत बसले.

अध्यक्षपदाचं मत त्या दिवशी झालंच नाही. पुढच्या रविवारी झालं तेव्हा चारास चार पडली, कारण ठमाबाई म्हणाली, आपण एकदाच मत देतो. तेव्हापासून एक महिना तात्या आणि एक महिना रत्नाकर अध्यक्ष असतात. कामात काही फरक पडलेला नाही, झाडलोट ठमाबाईच करत राहिली. दादासाहेब मधूनमधून यायचे आणि मागच्या बाकावर बसून आमच्या ह्यांचं प्रवचन ऐकायचे. त्यातल्या मुद्द्यांवर नंतर हरकती घ्यायचे.

ठमाबाई गेली ती नव्व्याण्णवच्या थंडीत, झोपेतच. कबर रत्नाकरनं खणली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. मी आणि सारजानं तिला पांढरं लुगडं नेसवून शवपेटीत ठेवली. दोन्ही हात छातीवर ठेवायची आमच्याकडे रीत आहे. डावा बसला. उजवा काही बसेना, दाबला की वाकडी बोटं पुन्हा वर यायची आणि झाकणाला लागायची. सारजा रडत रडत तो खाली धरू लागली.

रत्नाकर कबरीतून वर आला, हात मातीनं भरलेले. त्यानं आईचा हात बाजूला केला.

"ऱ्हाऊ दे वर," तो म्हणाला. "तिची जागा हाय."

मग त्यानं सुताराला झाकण उंच करायला सांगितलं, आणि ते होईपर्यंत आम्ही सगळे थांबलो.